खुर्चीचा निकष

"खुर्च्या भाड्यानं आणायच्या? आणि त्याही मयताच्या?"

बोआतेमा इतक्या जोरात ओरडली, की कुलसचिव दुआहसाहेबांच्या हातातला तळलेल्या केळ्याचा तुकडा फायलीवर पडला. त्यांनी तो उचलला, फुंकर मारली आणि तोंडात टाकला.

"हळू बोला हो डॉक्टर. मयताच्या कशाला, मांडववाल्याच्या आहेत. तो लग्नालाही देतो."

"असुबेन्सोत लग्नाला कोण चारशे खुर्च्या मांडतं? एवढा मांडव इथं फक्त शनिवारी पडतो, आणि तो कशासाठी पडतो ते तुम्हालाही ठाऊक आहे!"

डॉ. बोआतेमा सार्फो ही असुबेन्सो विद्यापीठाच्या गुणवत्ता कक्षाची प्रमुख. कक्ष जिन्याखाली होता. वर कुणी धावलं की टेबलावर चुन्याची पापडी पडायची आणि ती झटकत बोआतेमा गुणवत्ता राखायची. तिचा सगळा राग एका खोलीवर होता: पहिल्या वर्षाचा मोठा वर्ग. मुलं चारशे, बाकं दीडशे जणांपुरती. बाकीची भिंतीला टेकून, खिडक्यांत चढून, नाहीतर खिडक्यांबाहेर चिखलात उभी राहून शिकायची. अडोमा नावाची एक मुलगी तिला एकदा म्हणाली होती, "मॅडम, या सत्रात मी फळा बघितलाच नाही. नुसता ऐकलाय." मुलगी हसत हसत म्हणाली, पण बोआतेमाला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

आणि कुलगुरू प्रोफेसर अम्पोफो काय बांधत होते? महाद्वार! दोन ट्रक शेजारी शेजारी जातील एवढी रुंद कमान, वर विद्यापीठाचं नाव, दोन्ही बाजूंना सिमेंटचे हत्ती. सिमेंटच्या गोण्यांची थप्पी लागली होती, सळया आल्या होत्या. आत शिरायला एवढं मोठं दार आणि आत गेल्यावर बुड टेकायला जागा नाही, हे बोआतेमाने भर सभेत बोलून दाखवलं होतं. त्यानंतरच तिचा कक्ष जिन्याखाली आला.

पण यंदा तिच्या हाती हत्यार आलं होतं. आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांनी मिळून ठरवलं होतं, की एका देशातली पदवी दुसऱ्या देशात चालायची तर सगळीकडच्या विद्यापीठांचा दर्जा एकाच मापाने मोजायचा. निकष एक, तपासणी एक. ते निकष ठरवायला बोआतेमा गावोगावच्या बैठकांना गेली होती. सहाव्या निकषासाठी तर ती भांडलीच. 'दर विद्यार्थ्याला एक खुर्ची' एवढं साधं वाक्य, पण 'खुर्ची म्हणावं की आसन' यावर मोठमोठे विद्वान दोन दिवस घसा कोरडा करत बसले, अर्थात खुर्च्यांवर. बोआतेमाने त्या वाक्याला शेपूट जोडून घेतलं: जिथे खुर्च्या पुरत नाहीत, तिथे दुसरं सगळं बांधकाम थांबवून आधी बसायची सोय करायची. म्हणजे तपासणी समितीने 'नाही' लिहिलं की महाद्वार बंद आणि नवा वर्ग सुरू. 'हो' लिहिलं की हत्ती उभे राहणार आणि अडोमा चिखलात.

"म्हणून तर खुर्च्या आणायच्या," दुआहसाहेब म्हणाले. "गुरुवारी समिती येणार, मोजणार, जाणार. शुक्रवारी संध्याकाळी मांडववाल्या याव मामाच्या खुर्च्या परत. कुणाचं काय गेलं?"

"चारशे खुर्च्या त्या खोलीत मावतील तरी का?"

"बाकं बाहेर काढली की खुर्च्या मावतात. मी बघितलंय. मधे चालायला जागा राहत नाही, पण निकषात खुर्ची म्हटलंय, वाट म्हटलेली नाही. तुम्हीच लिहिलाय ना तो?"

बोआतेमाच्या अंगाचा तिळपापड झाला. पण याहून चीड आणणारी गोष्ट पुढेच होती. याव मामाच्या प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर पांढऱ्या रंगात लिहिलेलं असायचं: 'याव आणि मुलगे. मांडव, खुर्च्या, शवपेट्या. दुःखात आम्ही आहोत.' ते झाकायला दुआहसाहेबांनी कागद कुठला वापरावा? प्रयोगशाळेतल्या यंत्रांवर लावायला बोआतेमाने छापून घेतलेल्या चिकटचिठ्ठ्या! जिन्याखालच्या तिच्या कपाटातून तिला न विचारता गठ्ठा उचलला, आणि बुधवारी सकाळी ती वर्गात पाहते तो चारशे खुर्च्यांच्या पाठीवर तिच्याच कक्षाचा शिक्का: 'गुणवत्ता कक्षाने तपासले. उत्तम.'

गुरुवारी समिती आलीच नाही. अध्यक्ष प्रोफेसर ओबिओरा नायजेरियाहून मोटारीने निघाले होते. मधे दोन चिमुकले देश. त्यातल्या एकाच्या सरहद्दीवर त्यांना कागदपत्रं पुरेशी नाहीत म्हणून अडवून ठेवलं. पदव्यांना सरहद्दी नसाव्यात म्हणून निघालेला माणूस सरहद्दीवरच्या बाकावर बसून मके खात राहिला. दुसऱ्या सदस्य डॉ. तुमाइनी टांझानियाच्या. त्यांना सरळ विमान नव्हतं. त्या आधी खंडाबाहेर गेल्या, तिथल्या विमानतळावर झोपल्या आणि मग खंडात परत आल्या. शुक्रवारी रात्री दोघं असुबेन्सोत पोचले तेव्हा त्यांचे चेहरे पार उतरले होते. कुलगुरू म्हणाले, "काही हरकत नाही. उद्या सकाळी पाहणी."

उद्या म्हणजे शनिवार. आणि हा शनिवार तिवाबाईंचा होता.

तिवाबाई म्हणजे असुबेन्सोच्या शाळेतल्या बाई. गावातल्या तीन पिढ्यांना त्यांनी अक्षर शिकवलं. कुलगुरू त्यांचे विद्यार्थी, कुलसचिव त्यांचे, याव मामा त्यांचा, बोआतेमाही त्यांचीच. भरपूर जगून त्या गेल्या आणि त्यांच्या अंत्यविधीचा शनिवार कधीचाच ठरला होता. चष्म्यावरून बघणारा त्यांचा फोटो असलेले फलक गावभर लागले होते, विद्यापीठाच्या भिंतीवरसुद्धा होते. पाहणी शनिवारी ढकलली तेव्हा कुणाच्या तरी डोक्यात हे यायला हवं होतं. दुआहसाहेबांच्या आलं, पण ते कुलगुरूंना सांगायला घाबरले. आणि याव मामाला सांगायला तर त्याहून घाबरले. उद्याचं उद्या बघू, असं म्हणून ते झोपले.

शनिवारी सकाळी मोठा वर्ग भरला. सुटी असून मुलं झाडून आली, कारण बसायला मिळणार अशी बातमी पसरली होती. मागच्यांना खुर्च्यांवरून उड्या मारत आपापल्या जागी जावं लागलं, पण चारशेच्या चारशे बसली. अडोमा मधल्या रांगेत फळ्याकडे टक लावून बसली होती. फळ्यावर काहीही लिहिलेलं नव्हतं. ही पोरं उद्या पुन्हा चिखलात उभी राहणार होती, आणि आज बसली होती म्हणूनच उभी राहणार होती.

"मोजा, मोजा," कुलगुरू हात पसरून म्हणाले. अंगात राखाडी सूट, चेहऱ्यावर यजमानाचं हसू. "आमच्याकडे काही लपवायचं नाही."

डॉ. तुमाइनी पुढच्या रांगेपासून मोजायला लागल्या. प्रोफेसर ओबिओरांचे पाय सुजले होते, ते फळ्याजवळच्या एका खुर्चीवर रेलून बसले. तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि काळंपांढरं कापड खांद्यावरून घेतलेला याव मामा दोन धट्ट्याकट्ट्या मुलांना घेऊन आत आला. त्याने आरडाओरडा केला नाही. शेवटच्या रांगेतल्या पोराच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "उठ बाळा. तिवाबाईंना मातीला नेऊन आलो. माणसं बसायची आहेत."

यावर कोण काय बोलणार? असुबेन्सोत परीक्षेला नाही म्हणतील, अंत्यविधीला नाही म्हणत नाहीत. पोरगा उठला, त्याच्या शेजारचा उठला, रांग उठली. मामाचे मुलगे खुर्च्या एकात एक घालून बाहेर पोचवू लागले. डॉ. तुमाइनी पुढून मोजत होत्या आणि मामा मागून उचलत होता. बोआतेमाला सगळं दिसत होतं. तिने ओठ घट्ट मिटून घेतले आणि छताकडे बघत राहिली. कुलगुरूंच्या तोंडचं पाणी पळालं. ते डॉ. तुमाइनींच्या पुढे पुढे नाचत बोलू लागले, "इकडे बघा, ही खिडकी बघा, वारा किती छान येतो बघा."

डॉ. तुमाइनींनी चष्मा सावरला. "मागच्या रांगा मघाशी भरलेल्या होत्या ना?"

"होत्या. मुलं वाचनालयात गेली. फार अभ्यासू आहेत."

"खुर्च्या घेऊन?"

कुलगुरूंनी उत्तरासाठी दुआहसाहेबांकडे पाहिलं. दुआहसाहेब बुटाची नाडी बांधत होते. त्यांच्या बुटाला नाडी नव्हती.

बघता बघता वर्ग रिकामा झाला. चारशे मुलं भिंतींना टेकून उभी, मधे रिकामी जमीन आणि फळ्याजवळ एकुलत्या एका खुर्चीवर प्रोफेसर ओबिओरा. याव मामा त्यांच्यासमोर येऊन अदबीने वाकला.

"प्रोफेसर साहेब, ही पण."

ओबिओरा उठले. मामाने खुर्ची उचलली. उकाड्याने पाठीवरची चिठ्ठी सुटली होती, ती खुर्चीबरोबर गेली नाही. ती प्रोफेसरसाहेबांच्या कोटाला पाठीमागे चिकटून राहिली.

"हा काय प्रकार आहे?" ओबिओरांनी विचारलं.

खरं बोलायची वेळ म्हणतात ती हीच. पण कुलगुरूंनी खोटं बोलायचं ठरवलं. "समाजसेवा!" ते म्हणाले. "खुर्च्या आमच्याच. गावात कुणी गेलं की आम्ही वर्ग रिकामा करून देतो. दुःखात आम्ही... म्हणजे, विद्यापीठ गावाच्या मागे उभं राहतं."

बोआतेमाला वाटलं, आता निदान डॉ. तुमाइनी तरी हसतील. त्या हसल्या नाहीत. उलट ओबिओरांचा थकलेला चेहरा उजळला. "अहो, अकरावा निकष! समाजाशी नातं! याचं उदाहरण आम्हाला कुठेच मिळालेलं नाही. चला, प्रत्यक्ष पाहू या."

"कुठे?" कुलगुरूंचा आवाज चिरकला.

"खुर्च्यांच्या मागे!"

झालं. पुढे याव मामाचा ट्रक, मागे विद्यापीठाची मोटार. मोटारीत बोआतेमा धुमसत बसली होती. खोटेपणाला गुण मिळतात हे तिने पाहिलं होतं, पण एका खोटेपणावर दोन निकष पार पडताना आजच पाहत होती. वाटेत अर्धवट महाद्वार लागलं. ओबिओरांनी मान वळवून पाहिलं. "भव्य आहे," ते म्हणाले, आणि कुलगुरू सैलावले.

शाळेच्या पटांगणावर चारी बाजूंनी मांडव पडले होते आणि मधे मोकळी जागा. आत्ता मांडलेल्या खुर्च्यांवर सगळं गाव काळ्यापांढऱ्या कपड्यांत बसलं होतं. फोटोतून तिवाबाई चष्म्यावरून सगळ्यांकडे बघत होत्या. वाजप थांबलं. पाहुणे रीतीप्रमाणे उजवीकडून सुरुवात करून बसलेल्या एकेकाशी हात मिळवत निघाले. प्रोफेसर ओबिओरा पुढे गेले की त्यांच्या पाठीमागे कुजबुज उठायची.

"अगं, यांच्या पाठीवर काय लिहिलंय बघ. तपासले, उत्तम."

"पाहुणे हल्ली तपासून पाठवतात वाटतं."

"बरं झालं बाई. मागच्या खेपेचा तो जावई कुणीच तपासला नव्हता."

पाहुणे बसले. पाण्याच्या पिशव्या आल्या, सगळ्यांनी दातांनी कोपरा फोडून पाणी प्यायलं. आणि मग तो प्रश्न आला, जो असुबेन्सोत दारी आलेल्या प्रत्येकाला विचारतात आणि ज्याचं उत्तर दिल्याशिवाय पुढे काहीच होत नाही. घराण्याचे प्रमुख नाना बेडियाको, तिवाबाईंचे धाकटे भाऊ, समोर बसले होते. त्यांच्या वतीने बोलणारा म्हातारा ध्वनिक्षेपक हातात घेऊन उठला.

"इथं आमचं सगळं शांत आहे. वाटेवर तुम्ही होतात. नाना विचारतात, काय काम काढून आलात?"

मोठ्या माणसाने याचं उत्तर स्वतः द्यायचं नसतं. नानांच्या वतीने जसा दुसरा बोलतो तसा कुलगुरूंच्या वतीनेही दुसराच कुणी बोलणार. दुआहसाहेब मोटारीतून उतरलेच नव्हते. कुलगुरूंनी बोआतेमाच्या कोपराला ढोसलं.

"ऊठ. सांग, खुर्च्या आपण दिल्यात. गोड शब्दांत सांग."

"सर, मी?"

"मग काय मी? आणि नीट बोल बोआतेमा. जिन्याखाली अजून एक खोली आहे, तिला खिडकी पण नाही."

बोआतेमा उठली. ध्वनिक्षेपक हातात आला. समोर तिवाबाईंचा फोटो. तिला दुसरीचा वर्ग आठवला. तिवाबाई पुस्तक मिटूनच आत यायच्या आणि विचारायच्या, "सगळे बसले का?" एक पोर जरी उभं असलं तरी पुस्तक उघडायचं नाही. बोआतेमा शाळेत नवी आली तेव्हा तिला जागा नव्हती. तिवाबाईंनी स्वतःची खुर्ची उचलून पहिल्या रांगेत ठेवली, तिला त्यावर बसवलं आणि ते सगळं वर्ष स्वतः उभ्याने शिकवलं. त्या बाईंच्या मातीच्या दिवशी, त्यांच्या फोटोसमोर, खुर्च्यांबद्दल खोटं बोलायचं! तिच्या डोक्यात तिडीक गेली.

"नाना," ती म्हणाली, "आम्ही दुःखात सामील व्हायला आलो, पण त्यासाठी निघालो नव्हतो. निघालो होतो खुर्च्या मोजायला. हे पाहुणे लांबून आलेत. आमच्या विद्यापीठात दर मुलाला बसायला खुर्ची आहे का, हे त्यांना लिहायचंय. नाही. तुम्ही आत्ता ज्यांच्यावर बसलाय त्या खुर्च्यांवर सकाळी आमची मुलं बसली होती. त्या आमच्या नाहीत, याव मामाच्या आहेत. खुर्च्या इथं आल्या आणि आमची चारशे मुलं तिकडं उभी आहेत. रोजच उभी असतात. हे आमचं काम, नाना."

कुलगुरू खुर्चीत खाली खाली सरकत गेले. नानांनी म्हाताऱ्याच्या कानात काही सांगितलं. म्हातारा ओबिओरांकडे वळला.

"नाना विचारतात, पाहुण्यांच्या गावी मुलं कशावर बसतात?"

ध्वनिक्षेपक ओबिओरांपुढे आला. त्यांनी तिवाबाईंच्या फोटोकडे पाहिलं आणि चूक केली, कारण त्या चष्म्यापुढे आजवर कुणाचं खोटं टिकलेलं नव्हतं. "आमच्याकडे," ते खाकरले, "तपासणी आली की लग्नाच्या मांडवातून आणतात."

"आणि बाई, तुमच्याकडे?"

"चर्चमधून," डॉ. तुमाइनी हळूच म्हणाल्या. "रविवारच्या आत परत करतो."

मांडवात हशा पिकला. बोआतेमा मात्र हसली नाही, ती भडकलीच. "म्हणजे दोन दिवस खुर्ची म्हणावं की आसन यावर माझ्याशी भांडलात, आणि तिन्ही देशांत मिळून मुलांची अशी एक खुर्ची नाही? एकच माप करायला निघालात ना? झालं की एक! सगळ्यांचं उसनं!"

ओबिओरांनी मान खाली घातली. मग खिशातून पेन काढलं. "डॉक्टर, सहावा निकष. मी 'नाही' लिहितोय. इथंच, बाईंच्या समोर."

बोआतेमाच्या डोळ्यांत पाणी आलं. महाद्वार बंद! पण तिचा आनंद जेमतेम घोटभर टिकला. कारण नाना बेडियाको काठी टेकून उठले होते, आणि या वेळी त्यांनी म्हाताऱ्याला बाजूला सारून स्वतः ध्वनिक्षेपक घेतला होता.

"माझी अक्का आयुष्यभर पोरांना 'बसा' म्हणत आली," ते म्हणाले. "तिच्या गावातली पोरं उभी राहतात? आज दुखवट्याला जमलेल्या आहेरातून आमचं घराणं विद्यापीठाला अक्काच्या नावानं चारशे खुर्च्या देतंय!"

वाजप कडाडलं. बायकांनी पांढरे रुमाल हवेत फिरवले. सगळ्यांत जोरात टाळ्या कोण वाजवत होतं? कुलगुरू! ते खुर्चीतून उसळून उठले होते. "निकष पुरा! प्रोफेसर, खोडा ते! खुर्च्या आल्या, आता 'हो' लिहा!" ओबिओरा पेन हातात धरून थबकले. बरोबरच होतं. दर विद्यार्थ्याला खुर्ची झाली, मग 'नाही' कसं लिहायचं?

बोआतेमाला ब्रह्मांड आठवलं. मुलांना खुर्च्या मिळाल्या याचा आनंद मानायचा, की त्या ठेवायला नवा वर्ग होणार नाही याचं दुःख? चालायला वाट नाही, खिडकीशी श्वास नाही, आणि बाहेर सिमेंटचे हत्ती. चांगल्या माणसाच्या चांगुलपणानेच तिचा घात केला होता आणि रागवायचं कुणावर हेही तिला कळेना. वर आभार तिनेच मानायचे होते, कारण पाहुण्यांच्या वतीने बोलणारी तीच होती. ध्वनिक्षेपक पुन्हा तिच्या हातात आला.

"नाना," ती म्हणाली, "आभार. पुन्हा आभार. उद्या सकाळी घरी येऊन परत मानीन. खुर्च्या आम्ही डोक्यावर घेऊ. आता एवढंच सांगा, ठेवू कुठं? आमच्या वर्गात त्या मावतात, पण मग पोरांना हलायला वाट राहत नाही. बाहेर मांडू? उन्हात? पोराला उन्हात बसवलेलं तिवाबाईंना चालेल?"

मांडवातून आवाज उठला, "नाही!"

"सिमेंट आहे, नाना. सळया आहेत. येताना दारापाशी थप्पी बघितली. तिचे हत्ती व्हायचेत."

नाना सावकाश कुलगुरूंकडे वळले. "क्वासी," त्यांनी हाक मारली. असुबेन्सोत कुलगुरूंना नावाने हाक मारणारी दोनच माणसं होती, त्यातलं एक आज मातीत गेलं होतं. "क्वासी, तुला पाढे कुणी शिकवले?"

"बाईंनी," कुलगुरू पुटपुटले.

"कशावर बसून?"

कुलगुरूंनी घाम पुसला. "नाना, आम्ही जरूर विचार करू. समिती नेमू. पुढच्या अंदाजपत्रकात..."

ते पुढे काहीतरी म्हणणार होते. पण कुणी काय आहेर दिला ते पुकारणारा माणूस सकाळपासून एका हातात कर्णा आणि एका हातात पाण्याची पिशवी घेऊन पुकारतच होता. मोठा माणूस उभा राहिला, नानांकडे बघून बोलला, म्हणजे देणगी जाहीर झाली, एवढंच त्याला ठाऊक. त्याने कर्णा तोंडाला लावला.

"विद्यापीठाचे कुलगुरू प्रोफेसर क्वासी अम्पोफो यांच्याकडून तिवाबाईंच्या स्मरणार्थ नवा मोठा वर्ग! छपरासकट! पुन्हा ऐका..."

दुसऱ्यांदा पुकारेपर्यंत वाजप सुरू झालं होतं. अंत्यविधीत पुकारलेला आहेर नाकारणारा माणूस असुबेन्सोत अजून जन्मलेला नाही. रीतीप्रमाणे सगळं घराणं रांगेने कुलगुरूंशी हात मिळवायला आलं, आणि कुलगुरू प्रत्येकाशी हात मिळवत राहिले. हसू तोंडावर होतं, पण ते त्यांचं नव्हतं. ओबिओरांनी लिहिलेलं 'नाही' खोडलं नाही. तसंच ठेवून पेन खिशात घातलं.

तिवाबाईंच्या नावाचा वर्ग उभा राहिला. महाद्वाराचे नुसते दोन खांब राहिले, त्यांच्या सळयांना गावातल्या बायका कपडे वाळत घालू लागल्या. खुर्च्याही आल्या, प्रत्येकीच्या पाठीवर बाईंचं नाव. आणि उद्घाटनाचा दिवस उजाडला.

बोआतेमा स्वागताचा कागद घेऊन मंचावर चढली आणि तिचा पारा चढला. चारशेच्या चारशे खुर्च्या भरलेल्या होत्या! पुढे मंत्री, मग आपापल्या मानाच्या छत्र्यांसह गावोगावचे मुखिये, मग पाद्री, आजूबाजूच्या विद्यापीठांची मंडळी, प्रोफेसर ओबिओरा, डॉ. तुमाइनी, गावचे जुने विद्यार्थी. मधोमध कुलगुरू, अंगठीवरची धूळ पुसत. आणि मुलं? मुलं भिंतींना टेकून उभी होती. खिडक्या नव्या होत्या, मोठ्या होत्या आणि त्यांच्याबाहेर चिखल होता. त्यातल्या एका खिडकीत अडोमाची नुसती टाळू दिसत होती.

"सर," बोआतेमा खाली वाकून म्हणाली, "मुलांना बसायला..."

"आज पाहुण्यांचा दिवस आहे," कुलगुरू दात न उघडता म्हणाले. "मुलं काय, रोजचीच आहेत. वाच."

बोआतेमाने कागद मिटला.

"सगळे बसले का?" तिने विचारलं.

"हो!" पुढून आवाज आला. कुलगुरूंचा सगळ्यांत मोठा.

"नाही," खिडकीबाहेरून अडोमा म्हणाली.

तो प्रश्न तिथल्या अर्ध्या माणसांनी लहानपणी रोज ऐकलेला होता. आधी नाना बेडियाको उठले, गुडघ्यावर हात दाबत. मग दुआहसाहेब उठले, मग याव मामा, मग बाईंचे जुने विद्यार्थी रांगेरांगेने, त्यांच्या मागून मुखिये आणि पाद्री. ओबिओरांनी डॉ. तुमाइनींना हात दिला. मंत्र्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि तेही उठले. दारातून, खिडक्यांतून मुलं आत येऊ लागली, बसू लागली. शेवटी एकच माणूस बसून राहिला होता. याव मामा सवयीने चालत त्यांच्यासमोर गेला आणि अदबीने वाकला.

"प्रोफेसर साहेब, ही पण."

कुलगुरू उठले. अडोमाने पायाचा चिखल उंबऱ्याला पुसला, आत आली आणि त्या खुर्चीवर बसली. समोर फळा होता.

"आता सुरू करू या," बोआतेमा म्हणाली.